सेंट मॉरिट्झचा हिवाळा: पहिल्यांदाच स्की बांधणाऱ्या कुटुंबासाठी सविस्तर उत्तर

पुण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चार दिवस स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झला मुक्काम ठरला आहे. पती-पत्नी, अकरा वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांचे वडील अशी चार माणसे आहेत आणि कोणीही आजवर स्कीवर पाय ठेवलेला नाही. एवढ्या दिवसांत स्कीइंग शिकता येईल का, तेथील नावाजलेल्या क्रीडास्थळांपैकी कोणती पाहावीत, बॉबस्लेची, म्हणजे बर्फाच्या वळणदार उतारावरून सुसाट जाणाऱ्या घसरगाडीची, धावपट्टी सामान्य माणसाला खुली असते का आणि वडिलांना झेपेल असे तेथे काय आहे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी गुलमर्गला स्की शिकलो आणि गेले सोळा हिवाळे वरच्या एंगादीन खोऱ्यात, म्हणजे याच गावाच्या परिसरात, नवशिक्यांना शिकवतो आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो.

आधी थेट उत्तर. चार दिवसांत आपण तिघे सोप्या उतारावर स्वतःच्या मर्जीने थांबू शकाल, वळू शकाल आणि लिफ्टने वर जाऊन सावकाश खाली येऊ शकाल. त्याहून अधिकाची अपेक्षा धरू नका. बॉबस्लेच्या धावपट्टीवर पाहुण्यांना फेरी मिळते, मात्र मुलीला आणि वडिलांना नाही. वडिलांसाठी गोठलेले सरोवर, त्याभोवतीच्या जंगलातील वाटा आणि एक जुनी डोंगरी रेल्वे आहे, आणि माझ्या मते चौघांत सर्वाधिक समाधान त्यांनाच मिळेल.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचा एक घोळ सोडवून घेतो. आपण मराठीत आकाशातून भुरभुरत येणाऱ्यालाही बर्फ म्हणतो आणि गोळेवाल्याच्या लादीलाही बर्फच म्हणतो. उतारावर मात्र हे दोन निराळे पदार्थ आहेत: एकात स्कीची कड रुतते आणि माणूस थांबतो, दुसऱ्यावर कड खरडत जाते आणि माणूस थांबत नाही. म्हणून या उत्तरात भुरभुरीत पडते ते हिम आणि गोठून घट्ट झालेले पाणी तो बर्फ, असा भेद मी पाळणार आहे. सेंट मॉरिट्झची सगळी क्रीडास्थळे या दोन पदार्थांची आहेत, आणि कोणते स्थळ कोणत्या वेळी गाठावे हे त्या ठिकाणी ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते यावर ठरते. पर्यटकांना ठिकाणांची यादी सहज मिळते, पण उन्हाचा हा हिशेब कोणी सांगत नाही, आणि बहुतेकांचे दिवस त्यामुळेच वाया जातात.

खोऱ्याची रचना अशी आहे. इन नदीचे हे खोरे नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे पसरले आहे. गाव १,८२२ मीटर उंचीवर, उत्तरेकडच्या उतारावर, दक्षिणेला तोंड करून बसले आहे आणि त्याच्या पायथ्याशी सरोवर आहे. गावाच्या डोक्यावर कॉर्विलिया हा स्कीचा मुख्य परिसर आहे आणि त्याच्याही वर पित्स नाइर हे ३,०५७ मीटरचे शिखर आहे. येथील मूळ भाषा रोमान्श. तिच्यात पित्स म्हणजे शिखर आणि नाइर म्हणजे काळे. खोऱ्याच्या पलीकडच्या बाजूला, सिल्वाप्लानाजवळच्या सुरलेय या वस्तीतून कॉर्वाचची केबल कार ३,३०३ मीटरपर्यंत जाते. कॉर्विलियाला दिवसभर ऊन असते. कॉर्वाचचे उतार उत्तराभिमुख असल्यामुळे तेथे थंडी अधिक आणि हिम मात्र कितीतरी दिवस कोरडे राहते.

याचा आपल्याशी संबंध असा की कॉर्विलियाच्या उन्हातील उतारांचा वरचा थर दुपारी सैल होतो आणि रात्री पुन्हा आवळतो. रात्रभर रणगाड्यासारखी पट्ट्यांची यंत्रे तो उतार दाबून, किसून, त्यावर कॉरडरॉय कापडासारख्या बारीक रेघा उमटवून ठेवतात. सकाळी साडेआठला हा उतार दिसायला देखणा असतो, पण पायाखाली कडक लागतो. सरावलेल्या माणसाला तीच वेळ सर्वांत प्रिय, आणि नवशिक्याला तीच सर्वांत कठीण. दहाच्या सुमारास वरचा बोटभर थर मऊ होतो. तेथपासून साधारण एकपर्यंतचे तीन तास शिकण्यासाठी सोन्यासारखे असतात. दोननंतर हिम जड होते, त्याचे ढीग साचतात, पाय थकलेले असतात आणि गुडघे नेमके त्याच वेळी पिरगाळतात. म्हणून माझा आग्रह आहे की तीन सकाळी शिका आणि एकाही दुपारी स्की बांधू नका. लिफ्टच्या पूर्ण दिवसाच्या पासाचे पैसे वसूल करण्याचा मोह अनेकांना होतो. पहिल्या आठवड्यात तो महागात पडतो.

शिकण्याची जागा म्हणून सालास्त्राइन्स निवडा. गावाच्या लगेच वर, सुमारे दोन हजार मीटरवर हे रुंद, उघडे पठार आहे. तेथे मुलांसाठी सरकत्या पट्ट्याची व्यवस्था आहे आणि स्कीशाळेचे वर्ग भरतात. या गावात १९२९ साली सुरू झालेली स्कीशाळा स्वित्झर्लंडमधील पहिली मानली जाते. मुलीला मुलांच्या वर्गात घाला, आपल्याबरोबर ठेवू नका. आईवडील शेजारी असले की मूल पडल्यावर त्यांच्याकडे पाहते. ते नसले की उठते. आपण दोघांनीही एकमेकांना शिकवू नये.

आता एक अशी अडचण सांगतो जी मी महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्यांमध्ये पुन्हा पुन्हा पाहिली आहे. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाच्या अंगात घसाऱ्यावरून उतरण्याची सवय मुरलेली असते: टाच रोवायची, अंग मागे टाकायचे, वेळ पडली तर सरळ बसायचे. डोंगर त्याला हेच शिकवतो आणि तेथे ते बरोबरच आहे. स्कीवर मात्र मागे झुकले की स्कीचा पुढचा भाग हलका होतो, वळणे बंद होते आणि वेग वाढतो. वेग वाढला की माणूस घाबरून आणखी मागे झुकतो. गेल्या फेब्रुवारीत साताऱ्याकडच्या एक बाई माझ्या वर्गात होत्या, पंधरा-वीस वर्षे किल्ले पालथे घातलेल्या. पहिल्या तासात त्या सात वेळा बसल्या. मी त्यांना एकच सांगितले की बुटाच्या पुढच्या जिभेवर नडगी टेकवून ठेवा आणि ती सुटली असे वाटले की थांबा. त्यांनी हातमोजा काढून दोन बोटे बुटाच्या जिभेत आणि नडगीत घातली, ती दाबली जातात का ते पाहिले, आणि मग उतारावर निघाल्या. बोटांनी एकदा ते कळल्यावर पायांना कळायला वेळ लागला नाही. अकरा वाजेपर्यंत त्या सलग चार वळणे घेत होत्या.

म्हणून भाड्याने बूट घेताना घाई करू नका. उभे राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम लागावा, गुडघे वाकवल्यावर सुटावा, आणि टाच मुळीच उचलली जाऊ नये. मोजे एकच, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचे. दोन मोजे घातल्याने ऊब वाढत नाही, रक्त अडते आणि पाय अधिक गार पडतो. जीन्स घालून उतारावर जाऊ नका, कारण ती भिजते आणि मग लाकडासारखी होते. वजन सांगताना लाजून कमी सांगू नका, कारण पडल्यावर बूट स्कीपासून केव्हा सुटावा हे वजन, उंची, बुटाचा आकार, वय आणि कौशल्य पाहून ठरवले जाते. चुकीच्या आकड्यावर बांधलेली स्की एकतर नको तेव्हा सुटते किंवा हवी तेव्हा सुटत नाही.

पहिल्या सकाळी सपाटीवर सरकणे, पडून उठणे आणि स्कीची टोके जवळ आणून मागची बाजू फाकवून थांबणे एवढेच होईल. मुले या आकाराला पिझ्झाचा तुकडा म्हणतात. दुसऱ्या सकाळी त्याच आकारात एका पायावर वजन देऊन वळणे, आणि वजन नेहमी वळणाच्या बाहेरच्या पायावर. तिसऱ्या सकाळी निळ्या खुणेच्या उतारावर जाता येईल. येथे निळा म्हणजे सोपा, लाल म्हणजे मध्यम आणि काळा म्हणजे अवघड. पिवळ्या खुणेची वाट आखलेली असते, पण ती यंत्राने दाबलेली नसते आणि दिवसअखेर तिच्यावरून कोणी पाहणी करत जात नाही, म्हणून ती आपल्यासाठी नाही. उतारावर खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला असतो. मागून येणाऱ्याने त्याला टाळायचे असते. थांबायचे झाले तर वळणाच्या आड किंवा अरुंद जागी न थांबता कडेला थांबायचे. हे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे नियम आहेत आणि अपघात झाल्यास जबाबदारी त्यांच्यावरूनच ठरते.

आखलेल्या उताराबाहेर, दोन पावले का होईना, जाऊ नका. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि दावोसची हिम व हिमस्खलन संशोधन संस्था हिवाळ्यात रोज पत्रक काढते. नवख्यांचा समज असा असतो की चौथी आणि पाचवी पायरी जीवघेणी. प्रत्यक्षात सर्वाधिक बळी तिसऱ्या पायरीवर जातात, कारण चार-पाचला लोक घरी बसतात आणि तीनला आकाश निळे, हिम ताजे आणि मन बेसावध असते. गुलमर्गमध्येही मी हेच पाहिले आहे.

आता पाहण्याच्या जागांकडे येतो. या गावाचा हिवाळी पर्यटनाचा आरंभ १८६४ सालापासून सांगतात. कुल्म हॉटेलचे योहानेस बाद्रुट यांनी उन्हाळ्यात आलेल्या इंग्रज पाहुण्यांशी पैज लावली, की हिवाळ्यात या, ऊन नाही मिळाले तर येण्याजाण्याचा खर्च माझा. पाहुणे आले आणि वसंतापर्यंत राहिले, अशी ती कथा आहे. तिच्यातील तपशील किती खरे हा वेगळा भाग. पण त्या काळापासून थंडीत येथे माणसे राहू लागली आणि रिकामा वेळ घालवण्यासाठी त्यांनी घसरगाड्यांच्या शर्यती काढल्या, हे निश्चित. बॉब (बॉबस्लेचेच छोटे नाव) आणि स्केलेटन (छोट्या गाडीवर पोटावर झोपून, डोके पुढे करून घसरणे) या दोन्ही खेळांचे मूळ याच गावात आहे.

ऑलिंपिक बॉब रन हे येथील सर्वांत मोलाचे स्थळ आहे असे मला मनापासून वाटते. जगातील इतर स्पर्धायोग्य धावपट्ट्या काँक्रीटच्या असतात आणि त्यांच्या पोटातील नळ्यांतून शीतकरणाचा द्रव फिरवून बर्फ टिकवला जातो. सेंट मॉरिट्झहून चेलेरिनापर्यंत जाणारी ही १,७२२ मीटरची धावपट्टी मात्र दर हिवाळ्यात हिम आणि पाणी यांपासून नव्याने उभारतात आणि वसंतात ती विरघळून जाते. उन्हाळ्यात त्या जंगलातून फिरलात तर गवताचा एक वळत गेलेला खळगा दिसतो, बाकी काही नाही. १ जानेवारी १९०४ ला ती सुरू झाली आणि दोन ऑलिंपिक तेथे पार पडली. बांधणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या इटलीच्या दक्षिण तिरोलमधून येतात. सुमारे तीन आठवडे त्यांचे काम चालते.

डिसेंबरमधील एका संध्याकाळी मी हे काम जवळून पाहिले. एक माणूस पाइपाने हिमावर पाणी सोडत होता, दुसरा फावड्याने ते कालवत होता. कालवलेले मिश्रण ओल्या वाळूसारखे दिसत होते. तिसरा ते ओंजळीने उचलून वळणाच्या उभ्या भिंतीवर थापत होता आणि हाताच्या कडेने सारखे करत होता. आपल्याकडे कुडाच्या भिंतीला गिलावा करताना जसा हात फिरतो तसाच तो फिरत होता. मी उभा होतो तेवढ्यात, पाच-सात मिनिटांत, थापलेला थर दगडासारखा झाला. त्याने मुठीने ठोकून पाहिले, आवाजाकडे कान दिला, एके ठिकाणी नाराज होऊन पुन्हा खरवडले. हॉर्सशू हे नालेच्या आकाराचे प्रचंड वळण असेच हातांनी उभे राहते, आणि तेथे चार माणसांची गाडी जवळजवळ आडवी होऊन निघून जाते. दिवसा ज्या भागांवर ऊन पडते तेथे कापडी पडदे लावून बर्फ जपतात.

पाहुण्यांची फेरी अशी असते की पुढे अनुभवी चालक, मागे ब्रेक सांभाळणारा आणि मध्ये दोन पाहुणे. साधारण सव्वा मिनिटात तळ गाठला जातो आणि वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास जातो. वळणावर मान छातीकडे दाबली जाते. म्हणून पाठीचे किंवा मानेचे दुखणे, गर्भारपण, उच्च रक्तदाब यांपैकी काही असेल तर बसू नये. फेऱ्यांसाठी बरेच आधी नाव नोंदवावे लागते आणि त्या स्वस्त नाहीत. नाही बसलात तरी हॉर्सशूच्या कडेला उभे राहून गाड्या जाताना नक्की पाहा. मुलगी आणि आजोबा दोघांनाही तेथे सहज नेता येते. आधी जमीन थरथरते, मग गुरगुर ऐकू येते आणि गाडी दिसेपर्यंत ती गेलेलीही असते. २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिंपिकच्या तयारीत घसरगाड्यांच्या स्पर्धा येथे घ्याव्यात असा पर्याय चर्चेत होता. अखेरीस इटलीने कोर्तिनामध्येच नवी धावपट्टी बांधली. २०२३ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मात्र याच हाताने थापलेल्या बर्फावर झाली.

बॉब रनच्या जवळूनच क्रेस्टा रन जाते. तिचा आरंभ १८८४-८५ च्या हिवाळ्यातला आणि ती चालवणारा सेंट मॉरिट्झ टोबोगनिंग क्लब १८८७ चा. येथे माणूस छोट्या लोखंडी गाडीवर पोटावर, डोके पुढे करून झोपतो. हनुवटी बर्फापासून वीतभर अंतरावर असते आणि थांबण्यासाठी बुटांच्या टोकांना लावलेले दातेच काय ते असतात. शटलकॉक या वळणावर वेग आवरला नाही तर स्वार कडेच्या पेंढ्यात आणि हिमात फेकला जातो, तशी सोय मुद्दामच ठेवलेली आहे. १९२९ पासून या धावपट्टीवर स्त्रियांना बंदी होती आणि ती २०१८ मध्ये उठली. जवळजवळ नव्वद वर्षे हा अन्याय चालला याची मला आजही खंत वाटते. फेऱ्या सकाळीच होतात, कारण नंतर ऊन बर्फाला ढिला करते. पहिल्या मुक्कामात तिच्यावर उतरू नका. शटलकॉकच्या बाजूला उभे राहून पाहा.

अचानक आलेल्या उबेने काय होऊ शकते याचा धडा या गावाने १९२८ मध्ये घेतला आहे. शालेय भूगोलात आपण सर्वांनी फॉन वाऱ्यांविषयी वाचलेले असते: डोंगर ओलांडून खाली येताना तापणारे कोरडे वारे. त्या वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये १४ फेब्रुवारीला ते आले. सकाळी गोठणबिंदूच्या जवळ असलेले तापमान दुपारी २५ अंशांकडे गेले. पन्नास किलोमीटरच्या स्की शर्यतीत अनेक स्पर्धकांनी मध्येच माघार घेतली आणि जिंकणाऱ्या स्वीडनच्या पेर-एरिक हेडलुंड यांना पाच तासांना थोडा कमी वेळ लागला. दहा हजार मीटरची स्केटिंग शर्यत अर्ध्यावर रद्द करावी लागली आणि बॉबच्या चारऐवजी दोनच फेऱ्या झाल्या. त्याच स्पर्धेत पंधरा वर्षांच्या सोन्या हेनी यांनी फिगर स्केटिंगचे आणि सोळा वर्षांच्या बिली फिस्क यांनी अमेरिकेच्या बॉबचे सारथ्य करून सुवर्णपदक जिंकले. मुलीला हे जरूर सांगा. महायुद्धानंतरचे पहिले हिवाळी ऑलिंपिकही येथेच, ३० जानेवारी ते ८ फेब्रुवारी १९४८ या काळात झाले. जुन्या ऑलिंपिक स्केटिंग मैदानाकाठचा कुल्म पॅव्हिलियन नॉर्मन फॉस्टर यांच्या कार्यालयाने दुरुस्त करून दिला आहे आणि तेथे स्केट भाड्याने घेऊन घसरता येते. दुसऱ्या दुपारसाठी ही चांगली जागा आहे.

स्कीच्या जागतिक स्पर्धांसाठी कॉर्विलियाचा उतार १९३४, १९७४, २००३ आणि २०१७ मध्ये वापरला गेला. पुरुषांच्या डाउनहिल, म्हणजे उतारावरून सर्वाधिक वेगाने खाली येण्याच्या, शर्यतीचा आरंभ पित्स नाइरच्या खालच्या कड्यावरून होतो आणि त्याला मुक्त पतन असेच नाव आहे: ४५ अंशांचा उतार, ज्यावर स्पर्धक सहाएक सेकंदांत ताशी १४० किलोमीटरच्या जवळ पोहोचतो. तो आरंभमंच वर्षभर तेथेच असतो, १८७ पायऱ्या चढून जावे लागते आणि हिवाळ्यातही तो खालून स्पष्ट दिसतो. तिसऱ्या दिवशी केबल कारने पित्स नाइरवर जा, तो आरंभ पाहा आणि केबल कारनेच खाली या. निळ्या उतारावर थोडे जमले की माणसाला वाटते, वरूनच स्कीने येऊ. तसे करू नका.

वडिलांसाठी कॉर्वाचची केबल कार मी सुचवणार नाही. थोड्या मिनिटांत चौदाशे मीटर वर जाणे, तेही ३,३०० मीटरवर आणि कडक थंडीत, या वयात विनाकारण ताण आहे. त्याऐवजी मुओत्तास मुराल या डोंगरावर न्या. १९०७ पासून चालणारी, दोराने रुळांवरून ओढली जाणारी रेल्वे २,४५० मीटरच्या पुढे नेते आणि वरून एंगादीनची सरोवरे एकापाठोपाठ एक ओवलेली दिसतात. तेथून ४.२ किलोमीटरची घसरगाडीची वाट खाली येते, तिला वीस वळणे आहेत. मुलीसह आपण तिने उतरा आणि वडील रेल्वेने खाली येऊन आपली वाट पाहतील. लाकडी घसरगाडीवर पाय पुढे टेकवून ब्रेक लावायचा असतो, म्हणून जाड तळव्याचे बूट आणि हेल्मेट हवे. स्कीपेक्षा हे सोपे आहे असे समजून लोक बेफिकीर होतात आणि घोटा मोडून घेतात.

सरोवर ही फेब्रुवारीतील खरी मौज आहे. त्यावरचा बर्फ पुरेसा जाड झाला की पाहणी करणारे पथक तो खुला जाहीर करते. त्याआधी कोणीही पाऊल टाकायचे नसते, इतरांच्या पाऊलखुणा दिसल्या तरीही. फेब्रुवारीतील रविवारी तेथे व्हाइट टर्फ या घोड्यांच्या शर्यती होतात. १९०७ पासूनची ही परंपरा आहे. स्वाराशिवाय धावणाऱ्या घोड्यामागे स्कीवर उभा माणूस लगाम धरून ओढला जातो, तो स्कीयोरिंगचा प्रकार १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये प्रात्यक्षिक म्हणून दाखवला होता. आपला मुक्काम रविवारला जोडून घेता आला तर घ्या. याच सरोवरावर १९८८ पासून क्रिकेटही खेळले जाते. २०१८ च्या फेब्रुवारीत चटई अंथरून झालेल्या सामन्यांत वीरेंद्र सेहवागांच्या संघातून आपले झहीर खान आणि अजित आगरकर खेळले होते. आजोबांना घोड्यांपेक्षा ही गोष्ट अधिक आवडेल असा माझा अंदाज आहे.

सरोवराच्या पलीकडे श्ताट्सच्या जंगलात पायी चालण्यासाठी दाबून ठेवलेल्या वाटा आहेत. वडिलांना बुटांखाली बांधायच्या काटेरी पट्ट्या आणि दोन काठ्या द्या. तासभर आरामात चालता येईल. शेजारून लांब पल्ल्याच्या स्कीचे पट्टे जातात. मार्चमधील दुसऱ्या रविवारी मालोयापासून ४२ किलोमीटरची एंगादीन स्की मॅरेथॉन याच गोठलेल्या सरोवरांवरून आणि याच जंगलातून निघते. १९६९ पासून ती भरते आणि दहा हजारांहून अधिक माणसे धावतात. गुडघे चांगले असतील तर आपल्या पत्नींनी एक सकाळ या प्रकारालाही द्यावी. वेग कमी, पडणे हलके आणि दमछाक पुरेपूर.

खर्चाबाबत दोनच गोष्टी. पहिली विम्याची. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातील एका गृहस्थांचा गुडघा उतारावर फिरला. प्रवास विमा होता, पण त्यात हिवाळी खेळ वगळल्याची ओळ आतल्या पानावर होती आणि ती त्यांना विकताना कोणी दाखवली नव्हती. स्ट्रेचरच्या गाडीपासून रुग्णालयापर्यंतचे सगळे त्यांनी स्वतः भरले. स्कीइंग आणि डोंगरावरील सुटका, हेलिकॉप्टरसह, आपल्या विम्यात लेखी आहे याची निघण्यापूर्वी खात्री करा. रेगा या हवाई सुटका संस्थेचा क्रमांक १४१४ फोनमध्ये साठवून ठेवा. दुसरी गोष्ट स्पष्टच सांगतो: केवळ स्कीइंग शिकणे हा हेतू असेल तर एवढ्या पैशांत गुलमर्गला किंवा औलीला दोन आठवड्यांचा वर्ग करून कितीतरी जास्त शिकाल. सेंट मॉरिट्झला यायचे ते येथील बर्फावर दीडशे वर्षे माणसांनी काय काय केले हे पाहण्यासाठी, आणि जमेल तेवढे स्वतः करून पाहण्यासाठी.

झुरिकहून कूर येथे गाडी बदलून साधारण साडेतीन तासांत येथे पोहोचता येते. कूरनंतरचा आल्बुला रेल्वेमार्ग जागतिक वारशात आहे. फिलिसूरच्या आधी लांडवासर पुलावर गाडी डोंगराच्या पोटात शिरते तेव्हा उजव्या बाजूच्या खिडकीजवळ असावे. पोहोचल्या दिवशी स्की बांधू नका; उंचीशी जुळवून घ्या, पाणी भरपूर प्या आणि संध्याकाळीच बूट भाड्याने घेऊन खोलीत अर्धा तास घालून बसा. कुठे टोचते ते उबदार खोलीत कळले तर रात्रीच बदलता येतात.